आधी पाथर्डी, मग परदेश

बाईंना मी कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा त्या माझ्या घराच्या बरोबर खालच्या घरात राहत होत्या. नगरच्या सावेडीतल्या आमच्या इमारतीला एकच जिना आहे आणि तो उतरून त्यांचे दार वाजवणे मला अशक्य नव्हते. परंतु तोंडी तक्रारीची पोहोच मिळत नाही, आणि पोहोच नसलेली गोष्ट घडलीच नाही असे धरून चालणाऱ्या खात्यात माझी हयात गेली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी लोकांच्या खरेदीखतांवर शिक्के मारले. सबब, मी नोटीस टंकलिखित करून घेतली आणि पोस्टात जाऊन रजिस्टर केली. रजिस्टर पोस्टाला तेव्हा अजून स्वतःचे नाव होते. आता ते स्पीड पोस्टात विलीन झाले असून त्याविषयीचे माझे पत्र संबंधितांकडे उत्तराविना पडून आहे.

पोस्टमनने नोटीस आणली. तो खाली, मी वर गॅलरीत.

"काका, पाठवणारे तुमी, घेणाऱ्या ह्या. मधी मला कशाला उन्हात फिरवलं?"

"तू सही घे," मी म्हणालो.

बाईंनी सही केली, पाकीट फोडले, उभ्याउभ्याच सगळे वाचले आणि मान वर करून म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही मला 'प्रतिवादी' म्हटलंय. अजून दावा कुठं लागलाय? आज मी नुसती 'नोटीस घेणार'."

मी वकील नाही आणि हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. त्यांची हरकत मात्र बरोबर होती, आणि तीच मला अधिक झोंबली.

बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे घराणे याच जिल्ह्यातले, काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. आजोबाही खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. लग्न केले नव्हते. उभी हयात पोरांना खंड आणि महासागर शिकवले, पण स्वतःकडे पासपोर्ट नव्हता. घरात जगाचा नकाशाही नव्हता. भूगोलाच्या शिक्षिकेच्या भिंतीवर नकाशा कसा नाही, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "नकाशा दिसला की पोरं देश निवडायला लागतात. मग तिथं माणसं राहतात हे विसरतात."

परदेशात जाऊन स्वयंसेवक म्हणून काम करण्याची इच्छा, परंतु खिशात विद्यार्थ्याचेच पैसे, अशी मुले-मुली त्यांच्याकडे येत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी नेपाळच्या डोंगरात निराधार वृद्धांचे एक छोटे घर सांभाळणाऱ्या बायकांमध्ये जाऊन मिसळली होती. दुसरा एक श्रीलंकेत कुठल्याशा अंधशाळेत होता. अशा ओळखींच्या दोऱ्याने बाई या मुलांना पाठवीत. फी घेत नसत, चहाही देत नसत. आलेल्या मुलाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "तिथं तुला कुणी बोलावलंय का?" नाही म्हटले की त्या म्हणत, "मग आधी बोलावणं येऊ दे. तोवर जिन्याची सवय कर."

जिन्याची सवय म्हणजे पाठीवर भरलेली सॅक घेऊन गच्चीपर्यंत चढायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवून खाली यायचे. या वाहतुकीचा मला उपद्रव होत असे आणि सोसायटीच्या नियमांतील संबंधित कलमासह मी तो लेखी कळवलाही होता. सॅकचे वजन करण्याची त्यांची रीतही वेगळीच. रविवारी भंगारवाला हातगाडी घेऊन फाटकाशी आला की बाई त्याच्या काट्याला सॅक अडकवीत. वजन जास्त भरले तर तिथेच रस्त्यात सामान बाहेर निघे.

"चॉकलेटं काढ. लग्नाला चाललीस का?"

"बाई, तिथल्या मुलांसाठी आहेत."

"तिथं मुलं नाहीत, म्हातारे आहेत. त्यांना दात नाहीत. काढ."

भंगारवाला हे सगळे मन लावून ऐके. एकदा सॅक उतरवून तो म्हणाला, "बाई, सामान तर झालं. ह्या पोरीचं बी वजन करू का? लई हलकी दिसती."

"तिचं परत आल्यावर कर," बाई म्हणाल्या.

सॅकमध्ये स्वतःचे ताट आणि पेला मात्र राहिलाच पाहिजे. आपले ताट आपण घासणारा माणूस कुणाच्या घरी जड होत नाही, हे त्यांचे म्हणणे मी त्या जिन्यावर इतक्या वेळा ऐकले की माझ्या सौभाग्यवती तेच मला ऐकवू लागल्या.

आता माझ्या नातीविषयी. ती माझ्या मुलाची मुलगी. समाजकार्याचे शिक्षण घेण्यासाठी आमच्याकडे राहत होती. शेवटच्या वर्षी तिने परदेशी स्वयंसेवेचे मनावर घेतले आणि एका कंपनीची जाहिरात मोबाईलवर पाहून नोंदणी केली. त्या कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. परंतु जी संस्था तरुण मुलांकडून सेवा करण्याची फी घेते, ती सेवा आठवड्याच्या दराने विकते, शिवाय गरिबांच्या पोरांना कडेवर घेऊन काढलेले फोटो नमुन्यादाखल दाखवते, तिच्याविषयी माझा संताप आजही कमी झालेला नाही. ज्याची सेवा व्हायची त्याची संमती त्या साऱ्या कागदांत एका ओळीनेही नव्हती. मी तीन पानी पत्र लिहिले. ग्राहक आयोगाचा उल्लेख येताच नोंदणीचे पैसे परत आले.

पैसे आले, पण पोरीचे तोंड उतरले. "आजोबा, तुम्ही जिंकलात. पण मी जाणार कशी?"

तेव्हा ती स्वतःच जिना उतरून बाईंकडे गेली.

बाईंनी नेपाळचा बेत बसवून दिला. व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र चालते. नगरहून गोरखपूरकडे जाणारी गाडी, साधा स्लीपर डबा. तिथून बसने सीमा. सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा बस. राहणे-जेवणे त्या घरीच, बदल्यात काम. तिथल्या स्थानिक कार्यालयाची लेखी संमती मागवावी, ही सूचना माझी. ती बाईंनी मान्य केली. एवढी एकच सूचना त्यांनी माझी कधी मान्य केली असेल. परीक्षा संपताच उन्हाळ्यात निघायचे ठरले. मात्र त्या घरात एकच जागा होती आणि बाईंच्या पत्राशिवाय तिथल्या बायका कुणाला घेत नसत. होळीच्या आत पत्र पोहोचले नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि पत्राआधी बाईंची एक अट होती. आधी पाथर्डी.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर बाईंच्या एका विद्यार्थ्याची आई राहत होती. सारे तिला आत्या म्हणत. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती एकटीच असे. शेजारीण भाकरी आणून देई. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने एक आठवडा आत्याकडे राहायचे, ती सांगेल ते काम करायचे आणि ती सांगणार नाही ते करायचे नाही. तालीम म्हणायची ती एवढीच.

"बाई, तिथं शिकण्यासारखं काय आहे?" मी विचारले होते. "ही पोर पदवीला आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

आठवडा पुरा झाल्यावर नातीला आणायला मी स्वतः गेलो. पाथर्डीपर्यंत एसटी, पुढे जीप. वस्तीवरची बहुतेक दारे कुलपात होती. नातीने मला अंगणातच थांबवले. तिचा चेहरा फुलला होता.

"आजोबा, आत्या शेजारी बसायला गेल्यात. त्या यायच्या आत सगळं लावून टाकलं. बघा तरी."

खरोखर पाहण्यासारखे होते. एका खोलीचे ते घर तिने दुपारभर राबून उजळवले होते. कोनाड्यातल्या चिंध्या नि काड्यापेट्या गेल्या होत्या. दारापाशी वाटेत असलेला माठ आतल्या गार कोपऱ्यात गेला होता. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर तिच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी होती: मीठ, साखर, तिखट, डाळ. अंगणात एक जुनाट दोरी दारापासून मागच्या संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर आडवी बांधलेली असे. तिच्यावर कपडेसुद्धा वाळत नसत. तीही तिने सोडून, नीट गुंडाळून खुंटीला अडकवली होती. येण्याजाण्याच्या वाटेतला अडथळा दूर केलास हे योग्यच झाले, असे मी म्हणालो.

तेवढ्यात शेजारणीने आत्याला अंगणाच्या कडेपर्यंत आणून सोडले, रोजच्यासारखे, आणि ती परतली. आत्याने उजवा हात पुढे केला. तो हवेतच राहिला. तिने आणखी थोडा पुढे नेला, मग डावीकडे.

"दोरी कुनी नेली?"

तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि नातीच्याही, की आत्याला कमी दिसते असे नव्हे. तिला दिसतच नव्हते. आठवडाभर ती त्या घरात इतक्या सरळ चालत होती, न अडखळता चूल पेटवत होती, चहात साखर घालत होती, की पोरीला शंका येण्याचे कारणच नव्हते. आत्याने सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

नातीने तिला हात धरून आत नेले. आत्याने दारापाशी माठाकडे हात टाकला. तिथे भिंत होती. कोनाड्यात हात घातला. तो रिकामा होता. फळीवरचा पहिला डबा उचलून तिने उघडला, बोट जिभेला लावले आणि पुन्हा झाकण लावले.

काही तरी बोलणे आवश्यक होते म्हणून मी म्हणालो, "आत्या, डब्यांवर नावं लिहिली आहेत."

"व्हय का," आत्या म्हणाली. "कुनासाटी?"

मग ती उंबऱ्यावर बसली. आवाजात राग नव्हता. एखाद्याने उसनी नेलेली पाटी मागावी तशी ती म्हणाली, "पोरी, माजं घर कुटं ठिवलंस तू?"

रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती दिवसातली शेवटची जीप होती आणि दुसऱ्या दिवशी नातीची तोंडी परीक्षा होती. दोरी तेवढी घाईघाईने बांधून आम्ही निघालो. शेवगावचा एक व्यापारी जीपमध्ये माझ्याशी कापसाच्या भावाविषयी बोलत होता. नात मागे वळून वस्तीकडे पाहत बसली.

तिने बाईंना सगळे जसेच्या तसे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पत्र अजून नको."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खाली गेलो. "मुलीने चूक कबूल केली आहे. आणखी काय हवं?"

"कबूल कुणाकडे केली?"

"तुमच्याकडे."

"माझं काय हललंय?" बाई म्हणाल्या. "माझा माठ जागेवर आहे."

होळी जवळ येत होती. ज्या व्यक्तीला कोणतेही अधिकारपद नाही, जिची कुठे नोंद नाही, तिच्या एका 'अजून नको'वर एका मुलीचे वर्षभराचे स्वप्न लटकत राहावे, हे मला न्यायाला धरून वाटले नाही. आजही वाटत नाही. सबब मी ती नोटीस पाठवली: पंधरा दिवसांत पत्र द्यावे, अन्यथा नकाराची कारणे लेखी कळवावीत, नाहीतर ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल.

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एक जिना तर उतरायचा. खाली जाऊन नीट बोला."

"बोलून झालं. आता लिहून."

बाईंचे उत्तर रजिस्टर पोस्टानेच आले. पोस्टमनने या वेळी काही विचारले नाही, नुसते हसून पाकीट दिले. उत्तर दोन वाक्यांचे होते. आपण कोणाकडूनही मोबदला घेत नाही. आणि विनामोबदला दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे नोटीस देणाऱ्यास नोटीस घेणारीपेक्षा अधिक ठाऊक असावे.

ठाऊक होते. त्या कायद्याचा उपयोग मी आयुष्यभर दुसऱ्यांविरुद्ध केला होता. परंतु त्या दिवशी ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यात एक गोष्ट होती जी मी त्या दृष्टीने कधी पाहिली नव्हती. फुकट केलेल्या कामात उणीव राहिली, तर ज्याचे नुकसान झाले त्याने जायचे कुठे? पैसे घेणाऱ्या त्या कंपनीला मी आयोगाचा धाक घालू शकलो. आत्याला कोणता आयोग होता?

याच सुमारास एका रविवारी नात पहाटेच्या गाडीने निघून गेली. संध्याकाळी येते म्हणाली आणि आली दुसऱ्या दिवशी. ती पाथर्डीला जाऊन आली होती. बाईंनी सांगितले नव्हते, आणि मीही नाही.

तिने आजीजवळ सांगितले ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकले. आत्या खोलीच्या मधोमध बसली. एकेक वस्तू तिच्या हातात द्यायची, मग ती सांगेल तिथे ठेवायची. सुरुवातीला नात खूप बोलत होती: चुकले, माहीत नव्हते, माफ करा. आत्या म्हणाली, "त्वांड बंद ठिव आन हात चालव."

"जरा अलीकडं. लई झालं. हां, तितंच. आता मीठ."

माठ दारापाशी परत आला. चिंध्या कोनाड्यात परत आल्या, कारण त्या चिंध्या नव्हत्या. गरम भांडी धरायची ती फडकी होती. दोरी पुन्हा बांधली, कारण घाईत आम्ही ती एक वीत उंच बांधली होती. शेवटी नातीने विचारले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढू का?

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "डोळंवालं कुनी आलं तर त्याला तरी घावंल."

दोन दिवसांनी बाई जिन्यातच मला भेटल्या. "आत्याचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी बोलती लई, पन आता इचारती."

"मग?"

"मग पत्र गेलं की सकाळीच. तुमच्या पंधरा दिवसांतला एक दिवस शिल्लक आहे, वकीलसाहेब. मोजून घ्या."

उन्हाळ्यात नात गेली. भंगारवाल्याच्या काट्यावर सॅक पास झाली. चॉकलेटे नव्हती, ताट-पेला होता. नगर स्टेशनवर बाई आल्या नाहीत. निरोप देण्याची त्यांना सवय नव्हती. पोरगी पोहोचली, आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"काय काम दिलंय?" मी विचारले.

"कांदे सोलते, आजोबा."

"आणि?"

"आणि काही नाही. त्यांना सध्या तेवढंच हवंय. म्हणाल्या, बाकीचं मग सांगू."

पदवीला बसलेली मुलगी, दोन रात्री रेल्वेच्या लाकडासारख्या फळीवर काढून, बस बदलत, सीमा पायी ओलांडून पोहोचते आणि तिला कांदे सोलायला बसवतात. मी त्याच दुपारी पत्र लिहायला घेतले. संमतीपत्रात नमूद केलेले कामाचे स्वरूप आणि प्रत्यक्ष दिलेले काम यांतील तफावत मी मुद्देसूद मांडली. हिंदीत लिहिले, म्हणजे तिकडे समजेल. पत्ता बाईंकडे होता म्हणून खाली गेलो.

बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचले. वाचताना त्या कागद डोळ्यांच्या फार जवळ धरू लागल्या होत्या.

"पत्र उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही. पण हे तिनं मागितलंय का?"

"मागितलेलं नाही. पण—"

"त्यांनी?"

मी पत्र घडी करून खिशात ठेवले. ते अजून माझ्याकडे आहे. मी ते पाठवले नाही आणि रद्दही केलेले नाही. त्यातला मजकूर आजही बरोबर आहे असे माझे मत आहे.

नात परत आली. आल्यावर पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने आजीला विचारले, "आजी, मी काय करू?"

सौभाग्यवतींनी हातातली पळी खाली ठेवली. "काय फोडलंस?" त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी बाईंनी ते घर सोडले. श्रीरामपूरला त्यांची भाची असते. तिने त्यांना बोलावून घेतले. टेम्पो फाटकाशी लागला तेव्हा मी खाली गेलो. सामान कोणत्या क्रमाने भरावे, काचेचे कुठे ठेवावे, टेम्पोवाल्याकडून मोडतोडीची हमी कशी लिहून घ्यावी, याचे मुद्दे मी मनाशी तयार केले होते. नात आधीच तिथे होती. तिकडची खोली इथल्यासारखीच लावून दे, असे बाईंनी तिला सांगितले होते, म्हणून ती टेम्पोबरोबर जाणार होती. ती काही लिहून घेत नव्हती. प्रत्येक वस्तू उचलण्याआधी तिच्यावर आणि मग भिंतीवर हात ठेवत होती, इतकेच. बाई दारात उभ्या राहून बटण शोधत होत्या. त्यांची बोटे भिंतीवरून सरकत बटणाशी पोहोचली आणि दिवा बंद झाला.

माझे मुद्दे तोंडावर आले होते. मी ते गिळले.

"बाई, मी काय करू?" मी विचारले.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला पाहिले. एवढी वर्षे त्यांना माझ्याकडून कागद मिळाले होते, प्रश्न मिळाला नव्हता.

"ती खुर्ची आहे ना," त्या म्हणाल्या, "तिच्यावर बसा. आणि कुणाला काही सांगू नका."

मी बसलो. माझ्या भोवतीने कपाट गेले, पलंग गेला, डबे गेले. एका हमालाने आरसा चुकीचा धरला होता. मी काही बोललो नाही. खोली रिकामी होत गेली आणि शेवटी त्या खोलीत मी आणि ती खुर्ची एवढेच राहिलो.

"वकीलसाहेब," बाई दारातून म्हणाल्या, "आता उठा. तीही न्यायची आहे."